केस, कॅसेट आणि मैदान : मुंबईतील हार्ड रॉकच्या भरती-ओहोटीचा इतिहास

१.
‘१९९१ साली निर्वाणा या बँडने ग्लॅम मेटल संपवले.’ रॉकच्या लोकप्रिय इतिहासांत हे वाक्य इतक्यांदा येते की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणाला वाटत नाही. अमेरिकेपुरतेही ते अर्धेच खरे आहे आणि मुंबईला तर ते जवळजवळ लागूच होत नाही. आपल्याकडे हार्ड रॉकला भरती केव्हा आली, ओहोटी केव्हा लागली आणि त्यामागची कारणे कोणती, हे या धाग्यात क्रमाने पाहू. प्रारंभ मात्र मुंबईच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यातील चिखल्यापासून.

२.
चिखले हे डहाणू आणि घोलवड यांच्या दरम्यानचे किनाऱ्यावरचे गाव. हा पट्टा चिकूच्या वाड्यांचा, आणि त्या वाड्यांच्या इतिहासात पारशी-इराणी कुटुंबांचा मोठा वाटा आहे. जवळच बोर्डीच्या बाजूला बहरोटच्या गुंफा आहेत. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, काही वर्षे इथेच जपला अशी परंपरा सांगते. किनाऱ्याने आणखी उत्तरेला गेले की संजाण, उदवाडा आणि वलसाड लागतात. वलसाडचे जुने नाव बुलसार. तिथून निघालेल्या एका कुटुंबाचे आडनाव होते बुलसारा.

३.
याच कुटुंबातील फारोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला झाला. शिक्षणासाठी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे त्याने मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवू लागला. पुढे १९७० साली लंडनमध्ये क्वीन हा बँड उभा राहिला. तेव्हा हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नावाने गात होता. भपका, रंगभूषा आणि कर्कश गिटार यांचा जो संगम पुढे ‘ग्लॅम’ म्हणून ओळखला गेला, त्याच्या एका महान कलावंताचे पहिले व्यासपीठ सातारा जिल्ह्यात होते.

४.
सह्याद्रीच्या माथ्यावरील निवासी शाळेत रॉक अँड रोल पोहोचलेच कसे? १९५२ पासून माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीने शास्त्रीय संगीताला अग्रक्रम दिला आणि चित्रपटगीतांनाही दूर सारले. लोकप्रिय संगीतासाठी भारतीय श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. तिथे हिंदी गाण्यांच्या जोडीला इंग्रजी गाणीही वाजत. तो रेडिओ आणि ग्रामोफोनच्या तबकड्या हीच पाश्चात्त्य सुरांची वाट होती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा : सूर आवडण्याआधी तो कानापर्यंत यावा लागतो.

५.
पुढे जाण्यापूर्वी थोडी परिभाषा. ब्लूजवर आधारलेले, विद्युत गिटारच्या जोरावर उभे असलेले जड संगीत म्हणजे हार्ड रॉक. उदाहरणार्थ लेड झेपेलिन, डीप पर्पल. त्याहून कठोर ते हेवी मेटल. १९७० च्या दशकारंभी ब्रिटनमध्ये चमकदार पोशाखांचे ग्लॅम रॉक आले. या सगळ्यांचे मिश्रण १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये झाले, तेच ग्लॅम मेटल. फुगवलेले केस, घट्ट विजारी, डोळ्यांत काजळ, सहज ओठांवर बसणारी धून, आणि प्रत्येक अल्बममध्ये एखादे हळवे प्रेमगीत, ही त्याची लक्षणे.

६.
मुंबईत हार्ड रॉकची पहिली पिढी १९७० च्या आसपास उभी राहिली. एका सिगारेट छापाच्या जाहिरातीसाठी भरणारी ‘सिमला बीट’ स्पर्धा देशभरातल्या बँडांना व्यासपीठ देत होती. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांसह त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती मुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली थेट २०१५ साली. म्हणजे ज्या शहरात ती जन्मली, त्या शहराला ती ऐकायला चार दशकांहून अधिक थांबावे लागले.

७.
या पिढीतील एक नाव मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावे : नंदू भेंडे. रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे ते पुत्र. ‘सॅव्हेजेस’ आणि ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडांतून ते गायले. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडासची भूमिका केली. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यात अंकुशची भूमिका करताना नंदू भेंडे यांनी लावणीच्या शेजारी रॉकचा आवाज उभा केला. हार्ड रॉकचे संस्कार झालेला कंठ मराठी नाटकात असा मुख्य भूमिकेत येणे ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

८.
पहिली ओहोटी लागली ती डिस्कोमुळे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर रॉकप्रेमींनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. अमेरिकेत त्यानंतर डिस्कोची घसरण झाली. आपल्याकडे मात्र त्याच सुमारास डिस्कोचा उदय होत होता. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आणि १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ प्रदर्शित झाले. या दुसऱ्या चित्रपटातील एक गाणे कोणी गायले? नंदू भेंडे यांनी. अमेरिकेत रॉकचे चाहते डिस्को जाळत होते, तर मुंबईत चित्रपटसृष्टी रॉकच्या गायकाला डिस्कोत सामावून घेत होती. लाटा तिकडच्या आणि इकडच्या एकच असतात, हा समज इथेच कोलमडतो.

९.
आता लॉस एंजेलिसकडे वळू. तिथल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील क्लबांतून मॉट्ली क्रू, रॅट, पॉइझन असे बँड पुढे आले. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि या मंडळींना हवे ते माध्यम मिळाले. १९८३ च्या नोव्हेंबरात क्वायट रायट या बँडचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. हेवी मेटलसाठी हा पहिलाच मान होता. १९८६ मध्ये बॉन जोवीचा ‘स्लिपरी व्हेन वेट’, १९८७ मध्ये डेफ लेपर्डचा ‘हिस्टीरिया’ आणि गन्स अँड रोझेसचा ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ आले. ग्लॅमची भरती ती हीच.

१०.
या यशाने अमेरिकेतील पालकवर्ग अस्वस्थ झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये गाण्यांतील अश्लीलता आणि हिंसा यांवर तिथल्या सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर याने तिथे जाऊन आपल्या गाण्यांची बाजू मुद्देसूदपणे मांडली. अल्बमवर इशाऱ्याची चिठ्ठी लावण्याची प्रथा या वादातून रूढ झाली. त्या चिठ्ठीने तरुण श्रोते दुरावले नाहीत. अनेकांना तर ती शिफारसच वाटली.

११.
आणि मुंबईत? इथे एमटीव्ही नव्हती. दूरदर्शन होते, आणि होती कॅसेट. १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. परवान्याखाली छापलेल्या कॅसेट, परदेशातून आलेल्या नातलगाच्या बॅगेतील कॅसेट, आणि एकीवरून दुसरी उतरवलेली कोरी कॅसेट, अशा तीन वाटांनी हे संगीत पसरले. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउससारखी दुकाने म्हणजे श्रोत्यांच्या पाठशाळाच होत्या.

१२.
याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. ग्लॅम मेटलचे अमेरिकेतील यश बरेचसे दृश्य होते : केस, पोशाख, आतषबाजी. कॅसेटमधून यातले काहीच येत नाही. येते ते फक्त संगीत आणि वेष्टनावरचे बोटभर छायाचित्र. उतरवून घेतलेल्या कॅसेटवर तर तेही नसे. निळ्या शाईत बँडचे नाव, इतकेच. त्यामुळे मुंबईच्या श्रोत्याने बॉन जोवीला डीप पर्पल आणि आयर्न मेडन यांच्याच फळीत बसवले. १९७२ चे संगीत आणि १९८६ चे संगीत एकाच खणात, एकाच महिन्यात दाखल होत असे. ज्या शैलींमध्ये तिकडे एका पिढीचे अंतर होते, त्या इथे शेजारी बनल्या.

१३.
या श्रोत्यांतूनच १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड स्थापन झाला. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार ही पुढे त्याची ओळख ठरली. तेव्हाच्या बहुतेक बँडांप्रमाणे त्यांनीही आरंभी परदेशी गाणीच वाजवली. लवकरच ते स्वतःच्या रचनांकडे वळले आणि १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला. अनुकरण करणारे बँड अनेक होते. स्वतःची गाणी घेऊन मैदानात उतरण्याचे धाडस थोड्यांनीच केले. त्या थोड्यांत रॉक मशीनचे स्थान अग्रणी.

१४.
मैदान म्हटले की रंगभवन आठवते. धोबी तलाव परिसरात, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेले हे खुले नाट्यगृह. १९७८ पासून इथे ‘जॅझ यात्रा’ भरू लागली. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला आणि ऑगस्ट महिना रॉकप्रेमींच्या पंचांगात कायमचा कोरला गेला. चर्चगेट आणि व्हीटी ही दोन्ही स्थानके इथून पायी गाठता येत. वसई असो, डोंबिवली असो वा चेंबूर, लोकलच्या पासावर या मैदानापर्यंत येता येई. हार्ड रॉक ही केवळ दक्षिण मुंबईची मिरास राहिली नाही, यात या भूगोलाचा वाटा मोठा आहे.

१५.
मग आले १९९१. या वर्षाचे पंचांग थोडे निरखून पाहू. २४ जुलै : डॉ. मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प. ऑगस्ट : मेटालिकाचा काळ्या वेष्टनाचा अल्बम. सप्टेंबर : गन्स अँड रोझेसचे दोन अल्बम एकाच दिवशी, निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’, आणि आशियासाठी एमटीव्हीचे उपग्रह-प्रसारण. २४ नोव्हेंबर : लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरीचा मृत्यू. अवघ्या चार महिन्यांत भारतीय बाजारपेठ, रॉकची शैली आणि संगीताचे माध्यम या तिन्ही गोष्टींनी कूस बदलली.

१६.
अमेरिकेत तेव्हा नेमके काय झाले? मे १९९१ मध्ये तिथल्या विक्रीच्या यादीसाठी दुकानदारांच्या तोंडी अंदाजाऐवजी संगणकीकृत मोजणी सुरू झाली. लगेच जून महिन्यात स्किड रो या बँडचा अल्बम पहिल्याच आठवड्यात अग्रस्थानी आला. जानेवारी १९९२ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ पहिल्या क्रमांकावर गेला; त्याने खाली ढकलले ते मायकेल जॅक्सनला. आणि त्यानंतरच्या वसंतात डेफ लेपर्डचा नवा अल्बम सलग पाच आठवडे शिखरावर होता. ग्लॅम एका रात्रीत कोसळले, या कथेशी हे आकडे जुळत नाहीत.

१७.
तरीही ते ओसरले, हे खरेच. कारण एकसारख्या दिसणाऱ्या आणि एकसारख्या वाजणाऱ्या बँडांची गर्दी झाली होती. ध्वनिमुद्रण कंपन्या आणि वाहिन्या सिअ‍ॅटलच्या साध्या, उदास, विटक्या शर्टांतल्या ग्रंजकडे वळल्या. श्रोत्यांनी पाठ फिरवण्यापूर्वीच प्रसारणाची दारे मिटू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कालचे नायक छोट्या क्लबांत वाजवताना दिसू लागले. ज्या एमटीव्हीने ग्लॅमला घडवले, तिनेच त्याला बाजूला सारले.

१८.
मुंबईत चित्र निराळे होते. इथे केबलची तार घरात आली तेव्हा ग्लॅम, थ्रॅश आणि ग्रंज ही तिन्ही भावंडे एकाच संध्याकाळी, एकाच पडद्यावर अवतरली. ज्या श्रोत्याने बॉन जोवीचे केस पहिल्यांदा हलताना पाहिले, त्यानेच त्याच आठवड्यात कर्ट कोबेनलाही पाहिले. त्याला एकाची निवड करून दुसऱ्याला हद्दपार करण्याचे कारण नव्हते. मुंबईत ग्रंजने ग्लॅमची जागा घेतली नाही. खणात आणखी एक कॅसेट वाढली, एवढेच.

१९.
खरा प्रतिस्पर्धी दुसराच निघाला, तो म्हणजे इंडीपॉप. १९९२ मध्ये बाबा सेहगल यांचा ‘ठंडा ठंडा पानी’ गाजला. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदी यांचा ‘बोलो तारा रा रा’ आले. दरम्यान, १९९४ पासून चॅनल व्ही आणि १९९६ पासून एमटीव्हीची भारतीय वाहिनी यांना देशी प्रेक्षक हवा होता, आणि तो हिंदी-पंजाबी गाण्यांतून मिळत होता. इंग्रजीत गाणाऱ्या रॉक बँडला जी वाहिनी नवे आकाश वाटली होती, तीच पाहता पाहता दुसऱ्यांची झाली.

२०.
रॉक मशीनची पुढची वाटचाल या बदलाचा आरसाच आहे. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. अमेरिकी वळणाचे जुने नाव टाकून सिंधूचे नाव घेणे हा केवळ नामांतराचा सोहळा नव्हता. आपण कोणाचे अनुकरण करतो आणि आपण कोण आहोत, या प्रश्नाला ते उत्तर होते. १९९५ मध्ये त्यांचा त्याच नावाचा अल्बम आला. १९९७ साली बँड विसर्जित झाला. २०१० मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ प्रसिद्ध झाला.

२१.
याच काळातील एक विसंगती पाहण्याजोगी आहे. १९९५ मध्ये बॉन जोवीने मुंबईत कार्यक्रम केला. अमेरिकेच्या इतिहासग्रंथांत ग्लॅमला मूठमाती मिळून तोवर चार वर्षे झाली होती. मुंबईकर मात्र आपला आवडता बँड प्रथमच प्रत्यक्ष पाहत होते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९९६ रोजी, अंधेरीला मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला आणि त्याच्या करमणूक कराच्या सवलतीचा वाद पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. परदेशी संगीत लोकप्रिय होण्यासाठी कर आणि परवाने यांचाही कौल लागतो, हे त्यातून कळले.

२२.
दुसरी मोठी ओहोटी आणली ती कोणत्याही नव्या शैलीने नव्हे, कायद्याने. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम लागू केले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू लागले, आणि रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपकास बंदी आली. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालय, आसपास कामा आणि जी. टी. ही रुग्णालये. पुढच्या काही वर्षांत तिथले संगीत थांबले. रुग्णाच्या झोपेचा हक्क निर्विवाद आहे. पण शहराने एक मैदान मिटवताना त्याच्या तोडीचे, तितकेच स्वस्त आणि स्थानकाजवळचे दुसरे मैदान तरुणांना दिले नाही, हेही तितकेच निर्विवाद आहे.

२३.
मैदान गेले आणि शैलीही बदलली. हार्ड रॉकला हजारोंचा समूहस्वर लागतो. बंद खोलीत त्याचा दम कोंडतो. आता जागा होती ती छोट्या क्लबांत आणि इंटरनेटवर. तिथे अधिक कठोर, अधिक निष्ठावंत श्रोत्यांचे मेटल रुजले. २००० साली ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ आणि २००३ साली ‘भयानक मौत’ हे बँड मुंबईत स्थापन झाले. पैकी पहिल्याला २०१० मध्ये ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा पुरस्कार मिळाला. श्रोते संख्येने कमी झाले, पण कीर्ती मात्र दूरवर गेली. लोकप्रियता मोजण्याची पट्टीच त्यामुळे बदलावी लागते.

२४.
पुढे मोठे कार्यक्रमही परतले. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जगप्रवासाचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात फोडला. २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर सुरू झाला. गन्स अँड रोझेस २०१२ मध्ये आले आणि २०२५ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पुन्हा आले. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल धावू लागली, तेव्हा चिखल्याच्या तरुणालाही हे मैदान जवळ आले. मात्र तिकिटाचा दर आता पासधारकाला परवडणारा राहिलेला नाही. ग्लॅम आज जिवंत आहे ते स्मरणरंजन म्हणून, आणि स्मरणरंजन स्वस्त नसते.

२५.
तात्पर्य काय? अमेरिकेचा इतिहास सांगतो की शैली शैलीला मारते. आपला इतिहास वेगळे सांगतो : रेडिओने दिले, कॅसेटने वाढवले, केबलने पळवले, नियमाने थांबवले, इंटरनेटने तगवले. अभिरुची महत्त्वाची आहेच, पण तिला वाट आणि जागा लागते. हे केवळ रॉकचे नाही. तमाशाचे फड, कोकणातले दशावतार, डहाणूच्या पाड्यांवरचा तारपा, कोणत्याही कलेच्या चढउताराचा अभ्यास करताना पहिला प्रश्न हाच विचारावा : लोक ती कुठे ऐकत होते, आणि ती जागा आज आहे काय?

२६.
शेवटी एक विनंती. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले. कॅसेटची फीत वर्षागणिक झिजते आहे, आणि आपल्या दमट किनारी हवेत तिला बुरशी लवकर लागते. घरातील काका, मावशी, आत्या यांच्याकडे जुन्या कॅसेट, रंगभवनची तिकिटे वा छायाचित्रे असतील, तर ती कधीची, कुठे घेतली, कोणाबरोबर ऐकली, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. मुंबईच्या हार्ड रॉकचे पुराभिलेख कोणत्याही कपाटात एकत्र ठेवलेले नाहीत. ते घराघरांतील खणांत विखुरलेले आहेत. पुढच्या इतिहासकाराला लागणारे साधन कदाचित तुमच्याच माळ्यावर असेल.

धागा समाप्त.